लिहून ठेव, लिहून घे, लिहून टाक

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात महाराज बाड्याजवळ दौलतगंज ही जुनी वस्ती आहे. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये उज्जैन सोडून किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, तो पुढे उठलाच नाही. तळाचंच शहर झालं आणि लष्कर हेच त्याचं नाव पडलं. त्या फौजेच्या मागोमाग आलेली मराठी घरं दोनशे वर्षांनंतरही या भागात आहेत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि मुलांच्या दप्तरात इंग्रजी, अशी इथली तीन भाषांची रोजची ये-जा. त्यामुळे इंग्रजी शिकायला बसलेलं इथलं मूल भाषेच्या बाबतीत कोरं नसतं. त्याला काळ येतात, कर्तरी-कर्मणी येतं, अर्ज लिहिता येतो. ते अडतं 'पुट ऑफ', 'गेट ओव्हर', 'टर्न डाउन', 'पुट अप विथ' अशा जोडक्रियापदांपाशी, ज्यांना शाळेत फ्रेजल व्हर्ब म्हणतात. सुटे शब्द ओळखीचे, एकत्र आले की अर्थ तिसराच. ही जोडक्रियापदं आणि वाक्प्रचार कसे शिकावेत याबद्दल दोन मतं ऐकू येतात, ती मी एका काका-पुतणीच्या तोंडी घातली आहेत. माणसं कल्पित आहेत, मतं खरी आहेत. काकांनी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पुतणी आता मुलांना शिकवते. माझा कल पुतणीकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. पण काकांचे काही मुद्दे असे आहेत की त्यांना उत्तर दिल्याखेरीज पुतणीचं म्हणणं उभं राहत नाही.

काका : अगं, ज्याला नियम नाही ते पाठच करावं लागतं, यात वाद कसला? 'लुक आफ्टर' म्हणजे काळजी घेणं, 'लुक फॉर' म्हणजे शोधणं, 'लुक इन्टू' म्हणजे चौकशी करणं, 'लुक डाउन ऑन' म्हणजे कमी लेखणं. 'लुक' म्हणजे पाहणं, एवढं ठाऊक असून यातलं काय कळतं? काही नाही. मग वहीच्या डाव्या बाजूला इंग्रजी, उजव्या बाजूला मराठी, आणि रोज दहा पाठ. डॉक्टर जॉन्सनने 1755 साली आपला कोश काढला तेव्हा प्रस्तावनेत हेच सांगितलं, की क्रियापदाला एखादा छोटा शब्द जोडून अर्थ पालटायची इंग्रजांची जी रीत आहे ती परक्या माणसाला सगळ्यांत जड जाते, आणि म्हणून अशा जोड्या आपण निगुतीने गोळा केल्या आहेत. त्यांच्याच कोशकाराला यादी करावीशी वाटली, तर मग दौलतगंजातल्या पोराने यादी पाठ करण्यात कमीपणा कसला? शिवाय पोटापाण्याचं बघ. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीवाल्या परीक्षेत पहिल्या टप्प्यावर 100 प्रश्नांतले 25 इंग्रजीचे असतात आणि त्यात 'इडियम्स अँड फ्रेजेस' हमखास येतात. ज्याची यादी पाठ, त्याचे गुण पक्के.

पुतणी : काका, जॉन्सनची यादी अडलं तर उघडून बघायची होती, घोकायची नव्हती. आणि तुम्ही 'लुक'चंच उदाहरण घेतलंत ते बरं झालं. आपण घरात विचारतो, 'म्हाताऱ्या आईकडे कोण बघतं?' तेव्हा बघणं म्हणजे डोळ्यांनी पाहणं असतं का? 'तुझं काम मी बघतो' म्हटलं तर त्यात चौकशीही आली आणि जबाबदारीही. पाहण्यापासून काळजी घेण्यापर्यंतचा रस्ता मराठीनेही चाललेला आहे, फक्त तुमच्या वहीच्या उजव्या बाजूने तो पुसून टाकला. पण त्याकडे मी मागून येते. आधी रोज दहांचा हिशेब करू. इंग्रजीत अशी जोडक्रियापदं हजारोंनी आहेत, वर्षं सरतील तरी यादी संपायची नाही. सुदैवाने संपवायची गरजही नाही. गार्डनर आणि डेव्हीज या दोघांनी 2007 मध्ये ब्रिटिश नॅशनल कॉर्पस, म्हणजे 10 कोटी शब्दांचा खऱ्याखुऱ्या इंग्रजीचा साठा, तपासला. त्यात ही जोडक्रियापदं जितक्या वेळा आली त्यांपैकी निम्म्याहून जास्त वेळा फक्त 100 जोड्याच पुन्हा पुन्हा आलेल्या होत्या. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या गाइडातली भरताड या जोड्यांच्या निम्म्या वापराला लागतच नाही.

काका : मग तर माझंच सोपं झालं. ते 100 पाठ करून टाकायचे.

पुतणी : तिथेच तर पेच आहे. या 100 जोड्यांचे कोशातले अर्थ मोजले तर सरासरीने एकेका जोडीला पाचांहून जास्त अर्थ निघतात, असं त्याच अभ्यासात दिसलं. 'टेक ऑफ' घ्या. विमान वर उठतं तेही 'टेक ऑफ', चपला काढणं तेही 'टेक ऑफ', एखाद्याचा धंदा जोर धरतो तेही, आणि कामावरून दिवसभराची रजा काढणं तेही. वहीच्या उजव्या बाजूला तुम्ही यातला कोणता लिहिणार? पुढे 2015 मध्ये गार्निए आणि श्मिट यांनी 150 जोड्या घेतल्या आणि प्रत्येकीचे खरोखर वापरात असलेले अर्थ तेवढे ठेवले. ते 288 भरले, जोडीमागे सरासरी दोन. ही संख्या माणसाला पेलण्याजोगी आहे. पण प्रत्येक अर्थ आपापल्या वाक्याला चिकटलेला असतो. वाक्य काढून घेतलं की अर्थ हातातून निसटतो. आणि 'लुक'चं अख्खं कुटुंब एकाच दिवशी पाठ करण्यातली खोटही अनुभवाने सगळ्या शिक्षकांना माहीत असते. टिंकहॅम यांनी 1993 आणि 1997 मध्ये प्रयोग करून पाहिलं, की अर्थाने एकमेकांच्या जवळचे शब्द एकदम शिकवले तर ते डोक्यात एकमेकांत मिसळतात आणि शिकायला उलट जास्त वेळ लागतो. 'लुक'च्या जोड्यांत अर्धा शब्द तर अक्षरशः एकच. परीक्षेच्या हॉलमध्ये 'फॉर' की 'आफ्टर', असा गोंधळ उडतो तो विसरल्यामुळे कमी आणि मिसळल्यामुळे जास्त.

इथे माझं म्हणणं मधे घालतो. यादीच्या पद्धतीचा खरा दोष तिच्या लांबीत नाही. या जोड्यांना काही तर्कच नाही, त्या परक्यांच्या लहरी आहेत आणि आपल्या भाषेशी त्यांचा काही संबंध नाही, अशी समजूत ती मुलाच्या मनात रुजवते. मराठी मुलाच्या बाबतीत ही समजूत साफ खोटी आहे. एक मराठी क्रियापद जवळून पाहू. 'लिही' म्हटलं तर नुसती आज्ञा झाली. 'लिहून ठेव' म्हणजे पुढे लागेल म्हणून नोंद कर. 'लिहून घे' म्हणजे दुसरा सांगतोय ते उतरवून घे. 'लिहून दे' म्हणजे तोंडी नको, लेखी हवं. 'लिहून काढ' म्हणजे सगळं, शेवटपर्यंत. 'लिहून टाक' म्हणजे एकदाचं हातावेगळं कर. 'लिहून बसला' म्हटलं की लिहिलं ते चुकलं, आता निस्तरा. ठेवणं, घेणं, देणं, काढणं, टाकणं, बसणं ही सगळी साधी घरगुती क्रियापदं, पण दुसऱ्या क्रियापदाच्या मागे उभी राहिली की आपला मूळ अर्थ बाजूला ठेवून त्याला वेगळी छटा देतात. पाच वर्षांचं मूल हा फरक चुकवत नाही आणि त्याला तो कुणी यादी करून शिकवलेला नसतो. मोरो केशव दामले यांनी 1911 च्या आपल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त संयुक्त क्रियापदांचा तपशिलात विचार केला आहे. तो वाचल्यावर ही यंत्रणा किती बारीक आहे हे कळतं. आता इंग्रजीकडे वळा. 'राइट डाउन' म्हणजे लिहून ठेवणं, 'राइट आउट' म्हणजे सविस्तर लिहून काढणं, 'राइट ऑफ' म्हणजे बुडीत खात्यात टाकणं. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणं, 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणं. आपलं 'टाकणं' जे काम करतं ते तिथे 'अप' करतो. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणं, आणि 'देणं' तर दोन्हींकडे आहे. गाडी 'ब्रेक डाउन' होते तेव्हा आपण ती बंद 'पडली' म्हणतो. भाव 'गो अप' होतात, आपल्याकडे ते वर जातात, चढतात. तपशील वेगळे, पण साध्या क्रियापदाला एक छोटा सोबती द्यायचा आणि नवा अर्थ काढायचा ही रीत मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेली आहे. संस्कृतातही हेच, फक्त सोबती पुढे बसतो. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शब्द मराठीत रोज वापरणाऱ्याला एकाच धातूचे इतके अर्थ कसे झाले याचं नवल वाटत नाही.

काका : तू फार पुढे चाललीस. म्हणजे लेखकमहाशय चालले, पण उत्तर तूच दे. इस्रायलमध्ये दागुत आणि लाउफर यांनी 1985 मध्ये दाखवलं, की हिब्रू बोलणारी मुलं इंग्रजी जोडक्रियापदं टाळतात आणि एकशब्दी क्रियापद वापरतात, कारण त्यांच्या भाषेत असला प्रकार नाही. इथवर तुझं बरोबर. पण हुलस्टाइन आणि मार्चेना यांनी 1989 मध्ये डच विद्यार्थी घेतले. डच भाषेत अशी क्रियापदं भरपूर आहेत, इंग्रजीच्या सख्ख्या शेजारची भाषा ती. तरी त्या मुलांनीही अर्थ आडवळणाचा असलेल्या जोड्या टाळल्याच. मायबोलीत यंत्रणा असून उपयोग काय झाला? आणि आपल्या मराठीतली तर क्रियापदाला क्रियापद जोडणारी, त्यांची अव्यय जोडणारी. दोन्ही एकच म्हणणं म्हणजे ओढाताण आहे.

पुतणी : दोन्ही एकच आहेत असं मी म्हणत नाही, नातं आहे म्हणते. डचांच्या त्या अभ्यासातली एक गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत. ती मुलं ज्या जोड्या टाळत होती त्यांत काही अशा होत्या, ज्या त्यांना फारच डच वाटल्या. हे आपल्या भाषेसारखं दिसतंय, म्हणजे इंग्रजीत चुकीचंच असणार, असा त्यांना संशय होता. काका, हा संशय आपल्या शाळांत आपण स्वतः पेरतो. 'मराठीत विचार करू नकोस' हे वाक्य प्रत्येक इंग्रजीच्या तासाला ऐकू येतं. मुलाला वाटतं, मराठीत सुचलं ते चूकच. मग 'आय विल लुक आफ्टर माय मदर' हे 'आईकडे बघतो'च्या इतकं जवळ असूनही तो धीर करत नाही आणि 'टेक केअर' नाहीतर पाठ केलेला एखादा जडजंबाल शब्द वापरून मोकळा होतो. लिआओ आणि फुकुया यांनी 2004 मध्ये चिनी विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, त्यात पुढच्या पातळीवरचे विद्यार्थी कमी टाळताना दिसले. म्हणजे टाळण्याचं हे वळण कायमचं नाही, जसजशी भाषा भेटत जाते तसं ते सुटतं.

काका : पण मराठीत विचार केल्याचे परिणामही रोज दिसतात की. परीक्षा देतो म्हणून 'गिव्ह एग्झाम', डोकं खाऊ नकोस म्हणून 'डोन्ट ईट माय हेड'. आणि इंग्रजी लांबच राहिलं, इथली मराठीच बघ. 'जा रहा हूँ'वरून आपली पोरं 'जाऊन राहिलो आहे' म्हणतात. पुण्याचा माणूस ऐकतो आणि विचारात पडतो. एका भाषेचं वळण दुसरीत असं आपोआप शिरतं, म्हणून तर कुंपण घालावं लागतं.

पुतणीच्या आधी या आक्षेपाला मीच उत्तर देतो, कारण तो माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आहे. 'जाऊन राहिलो' इथे कसं आलं? कुणी हिंदीची यादी पाठ केली म्हणून नाही. दोनशे वर्षं बाजारात, शाळेत, ओसरीवर हिंदी कानावर पडत राहिली म्हणून. वाक्प्रचार एका भाषेतून दुसरीत जातात ते ऐकून, आणि जाताना नव्या घरची रीत घेतात. लष्करात कंपू नावाचा भाग आहे. महादजी शिंद्यांनी डी बॉइनकडून युरोपी धर्तीच्या ज्या पलटणी उभ्या करून घेतल्या त्यांना कंपू म्हणत. शब्द परदेशी, पण आज मराठीत 'त्यांचा वेगळा कंपू आहे' म्हटलं की टोळकं डोळ्यांसमोर येतं, पलटण येत नाही. वापराने अर्थ घडवला. 'गिव्ह एग्झाम' ही चूक शब्दाला शब्द ठेवल्याने होते, आणि काकांची दोन रकान्यांची वही नेमकी शब्दाला शब्द ठेवण्याचीच सवय लावते. देणे म्हणजे 'गिव्ह', परीक्षा म्हणजे 'एग्झाम', झालं वाक्य. मायबोलीचा आधार घ्यायचा तो शब्दांचा नव्हे, अर्थ कसा वळतो त्याच्या जाणिवेचा. 'हे मी मराठीत कोणत्या प्रसंगी म्हणेन?' हा प्रश्न मुलाने विचारला तर तो चुकत नाही. 'या मराठी शब्दाला इंग्रजी शब्द कोणता?' असं विचारलं की घात होतो.

काका : मग तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांचं काय? त्यांचं इंग्रजी आजच्या मुलांपेक्षा कैक पटींनी नेटकं होतं. भाषांतरानेच शिकले ते.

पुतणी : हो, आणि त्यांना मी नावं ठेवत नाही, काका. तुम्ही मला त्याच पाठमालेवर बोट धरून चालवलंत. पण तर्खडकरांनी काय करायला लावलं? अख्खी वाक्यं, इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत, पानंच्या पानं. सुट्या शब्दासमोर सुटा अर्थ लिहून पाठ करा, असं त्यांनी सांगितलेलं नाही. तो धडा आपण विसरलो आणि रकाने तेवढे उरले. दुसरं असं, की त्या काळी इंग्रजी लागायचं कचेरीतल्या अर्जाला, वकिलीला, वर्तमानपत्रातल्या लेखाला. तिथे 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'एक्स्टिंग्विश' असे शब्द शोभून दिसायचे आणि पुरेही पडायचे. आज मुलाला फोनवर बोलायचं असतं, मुलाखत द्यायची असते, बंगळुरूच्या कचेरीतून आलेलं पत्र समजून घ्यायचं असतं. तिथे 'कॅन वी पुश इट बॅक?', 'आय विल गेट बॅक टू यू' हेच चालतं.

काका : पण मुळात लागतातच कशाला ही जोडक्रियापदं? 'पोस्टपोन' येतं ना, मग 'पुट ऑफ'चा हट्ट का? भारतातलं इंग्रजी भारतातल्या माणसांना समजलं की झालं. आपण 'पास आउट' म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडणं म्हणतो, इंग्रजांकडे त्याचा पहिला अर्थ बेशुद्ध पडणं. म्हणून काय आपलं अडलं?

काकांचा हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. इंग्रजीत ही दुहेरी शब्दसंपत्ती इतिहासाने आणली. देशी जर्मानिक क्रियापदं सामान्यांच्या तोंडात राहिली, उत्तरेकडून आलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या बोलीने क्रियापदामागे छोटे शब्द जोडायची सवय बळावली, आणि 1066 नंतर फ्रेंच-लॅटिन शब्द दरबारात, चर्चमध्ये, न्यायालयात बसले. 'पुट आउट' चुलीपाशी, 'एक्स्टिंग्विश' सरकारी कागदावर. आपल्याकडे 'सभा पुढे ढकलली' आणि 'सभा स्थगित केली' यांत जे अंतर आहे तेच हे. घरात कुणी 'आज अंघोळ स्थगित करतो' म्हणालं तर ऐकणारा चमकेल. फक्त लॅटिन बाजूचं इंग्रजी येणारा माणूस बरोबर बोलतो, पण घरात बसून सभेतलं बोलल्यासारखा बोलतो, आणि समोरचा साधं बोलला की गोंधळतो. हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. स्वतः 'पोस्टपोन' म्हणा, काही बिघडत नाही. पण समोरच्याने 'पुट ऑफ' म्हटलं तर कळलं पाहिजे. 'पास आउट'बद्दल काकांचं मला मान्य आहे, भारतीय इंग्रजीला आपले वाक्प्रचार घडवायचा हक्क आहे. तरी दोन्ही अर्थ ठाऊक असणं हे एक ठाऊक असण्यापेक्षा चांगलं. आणि या छोट्या शब्दांना बगल देऊन इंग्रजी सोपं होतं असंही नाही. सी. के. ऑग्डेन यांनी 1930 मध्ये 850 शब्दांचं 'बेसिक इंग्लिश' मांडलं तेव्हा क्रियापदं जेमतेम 18 ठेवली. बाकी सगळं काम 'पुट', 'गेट', 'गिव्ह', 'टेक' यांना 'अप', 'ऑफ', 'आउट' जोडून करायचं होतं. शब्द 850च राहिले, पण त्यांच्या जोड्यांचे अर्थ त्या मोजणीत धरलेच नव्हते, आणि शिकणाऱ्याला ते सगळे शिकावेच लागत होते.

पुतणी : आणि काका, आपण ही क्रियापदं टाळतो असं आपल्याला वाटतं तेवढंच. 'मोबाइल स्विच ऑफ आहे', 'गाडीला पिकअप नाही', 'त्या कामाचा फॉलोअप घे', 'विरोधकांचा वॉकआउट', 'फाइलचा बॅकअप', 'लॉगआउट कर', ही दौलतगंजातली रोजची मराठी आहे आणि हिंदीही. नामं म्हणून अशा डझनावारी जोड्या आपल्या तोंडात बसल्या आहेत. मी तिथूनच सुरुवात करते. 'ब्रेकडाउन' हे नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, 'द कार ब्रोक डाउन' म्हटलं तर जोर 'डाउन'वर. मुलं दोन्ही मोठ्याने म्हणतात, फरक कानाला कळतो, आणि नामातून क्रियापद सुटं होऊन हाती येतं.

काका : बरं, पण माझा शेवटचा आणि मोठा मुद्दा राहिलाच. हिंदी रस्त्यावर आहे, म्हणून आपोआप आली. इंग्रजी रस्त्यावर कुठे आहे? दौलतगंजात इंग्रजी बोलणारा शेजारी कुठून आणू? ज्याला ऐकायला मिळत नाही त्याच्यासाठी यादी हाच आधार.

पुतणी : हे मात्र खरं आहे, आणि याला सोपं उत्तर नाही. तरी इंग्रजी ऐकायला मिळत नाही असं आता पूर्ण खरं नाही. याच शहरात कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवर 24 फेब्रुवारी 2010 रोजी सचिनने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 147 चेंडूंत नाबाद 200 केले, पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यातलं पहिलं द्विशतक. ती खेळी आजही मुलं पुन्हा पुन्हा बघतात. तीच इंग्रजी समालोचनासह बघायला सांगते. इंग्रजी समालोचक शतक पूर्ण झालं की 'ब्रिंग्ज अप हिज हंड्रेड' म्हणतात, फलंदाज 'सेटल डाउन' होतो, गोलंदाज धावा 'गिव्ह अवे' करतो, कसोटीत संघ 'फॉलो ऑन'ला जातो. मुलाला खेळ कळतो, म्हणून अर्थ सांगावा लागत नाही. 'रन आउट' तर त्याला लहानपणापासून येतं. तेच घेऊन 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क' वाचलं की दूध संपलं हे तो स्वतःच ओळखतो, कारण 'आउट' म्हणजे खेळ संपला हे त्याच्या हाडात आहे. नेमक्या अर्थाचं नेमकं वाक्य, ते आठ-पंधरा दिवसांत निरनिराळ्या ठिकाणी पुन्हा भेटलं पाहिजे. त्यासाठी सोप्या इंग्रजीतल्या गोष्टींची पुस्तकं लागतात, दोन-तीन मुलांनी मिळून मोठ्याने वाचायची. मी वहीसुद्धा ठेवायला लावते, काका, पण तिच्यात रकाने नाहीत. एका पानावर एकच जोडी, तिची भेटलेली वाक्यं, प्रत्येक वाक्याखाली आपण घरी तेच कसं म्हणू ते मराठी वाक्य, आणि शेवटी स्वतःचं एक. 'राइट इट डाउन' असं वाक्य आलं की 'इट' मधे का बसलं हेही तिथेच दिसतं. सर्वनाम आलं तर ते मधेच बसतं, 'राइट डाउन इट' होत नाही. पण 'लुक आफ्टर हर'मध्ये मात्र शेवटी येतं. हे नियमाने सांगता येतं, पण वाक्याने आधी कळतं. आपणही 'लिहूनच ठेव', 'लिहून तर ठेव' असं मधे काही ना काही घालतोच की.

काका : आणि परीक्षेतल्या 'किक द बकेट'चं, 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'चं काय करायचं?

पुतणी : ते पाठच करायचे, परीक्षेच्या आधी महिनाभर. तिथे मी तुमच्या बाजूने आहे. रोझमंड मून यांनी 1998 च्या आपल्या पुस्तकात इंग्रजीचे मोठे साठे तपासून दाखवलं, की असले ठरीव आणि रंगीत वाक्प्रचार बहुतेक फारच क्वचित भेटतात, दहा लाख शब्दांत एकदाही नाही. जे बोलण्यात येत नाही ते ऐकून येणार कसं? परीक्षा ते विचारते म्हणून यादी करावी आणि परीक्षा झाली की विसरावं. पण त्या यादीत 'गेट ओव्हर' आणि 'पुट अप विथ' घालू नका. ती जन्मभर लागणारी आहेत, त्यांना वाक्य द्या, वेळ द्या.

काकांनी इथे मान्य केलं असं दाखवणं सोपं आहे, पण खऱ्या वादात असं होत नाही. शिकवणीच्या वर्गात एका वेळी साठ मुलं बसतात, हातात तीन महिने असतात, आणि पालक किती शब्द झाले ते मोजतात. अशा वेळी यादी शिक्षकाच्या सोयीची असते आणि ती सोय काही खोटी नाही. माझं म्हणणं एवढंच की यादीची जागा परीक्षेपुरती ठेवावी, आणि लष्करातल्या मराठी मुलाला 'मराठीत विचार करू नकोस' असं सांगणं आजपासून बंद करावं. पुढच्या तासाला फळ्यावर 'गिव्ह अप' लिहाल तेव्हा अर्थ सांगण्याआधी मुलांना एक वाक्य द्या, 'ही गेव्ह अप स्मोकिंग', आणि घरी हे कसं म्हणाल ते विचारा. कुणीतरी 'सोडून दिली' म्हणेलच. त्या 'दिली'कडे सगळ्या वर्गाचं लक्ष वेधा आणि मगच पुढच्या जोडीकडे जा.